खिडकीच्या आतून: वाहनकराचा राग आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात मी वाचकांना एकच विचारलं होतं: वाहनकर वाढला की नेमका राग कशाचा येतो? पत्रांचा ढीग आला. काही दोन ओळींची, काही पाठपोट सात पानांची. एका पत्रासोबत तर गेल्या अकरा वर्षांच्या पावत्यांच्या प्रती क्रमवार टाचून आल्या होत्या.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी सत्तावीस वर्षं वाहनकराच्या खिडकीत बसले. पैसे मोजून घेणं, शिक्का मारणं, आणि दर वाढले की नवं परिपत्रक काचेवर चिकटवणं ही माझी कामं. परिपत्रक चिकटवलं की पहिले पंधरा दिवस रांगेचा आवाजच वेगळा असे. त्या आवाजातले बरेचसे प्रश्न या पत्रांत पुन्हा भेटले. तेव्हा मागे रांग खोळंबलेली असायची, आता सवडीने बोलता येईल.

रस्त्यासाठी म्हणून कर घेता, मग रस्ते असे का? माझ्या दुचाकीचं पुढचं चाक वर्षात दोनदा वाकलं.
– रोज बावीस किलोमीटर जाणारा एक वाचक

एका गृहस्थांनी असंच वाकलेलं चाक माझ्या खिडकीच्या फळीवर आणून ठेवलं होतं. म्हणाले, "आधी याची पावती द्या, मग माझे पैसे घ्या." मी काही बोलू शकले नाही. नंतर मात्र त्या प्रश्नाचा पिच्छा मी सोडला नाही, जे हाती लागलं ते वाचत गेले.

तुमच्या प्रश्नातला 'रस्त्यासाठी म्हणून' हा शब्दप्रयोग कुठून आला, ते आधी बघू. ब्रिटनमध्ये १९०९ साली लॉईड जॉर्ज अर्थमंत्री असताना मोटारींवर आणि पेट्रोलवर कर बसला, आणि हा पैसा रस्ते सुधारायला वापरू असं सांगितलं गेलं. मोटारवाल्यांनी कुरकुर करत का होईना, ते मान्य केलं. १९२०च्या कायद्याने त्यासाठी वेगळा 'रोड फंड' उघडला. १९२१पासून कर भरल्याची गोल कागदी चकती गाडीच्या काचेवर लागू लागली. वाहनं भराभर वाढली, फंडात पैसा साचत गेला, आणि साचलेल्या पैशावर सरकारचं लक्ष गेलं. १९२६मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी फंडातली रक्कम सर्वसाधारण खर्चाकडे वळवली. मोटारवाल्यांनी भरलेला कर फक्त त्यांच्याच रस्त्यांवर खर्च व्हावा, हे चर्चिल यांना मान्य नव्हतं. १९३७मध्ये कर आणि रस्ते यांचा थेट संबंध कायद्याने तुटला, आणि १९५०च्या दशकाच्या मध्यावर फंडच बंद झाला.

चकती मात्र २०१४पर्यंत काचेवर होती. आजही तिथले लोक या कराला 'रोड टॅक्स'च म्हणतात. कराचं काम बदललं, पण जुनं नाव लोकांच्या तोंडी राहिलं आणि त्या नावासोबत जुनं वचनही. तुमचा राग त्या वचनाशी बांधलेला आहे, आणि तो मला खोटा वाटत नाही.

फ्रान्सची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे १९५६ साली मोटारींवर वार्षिक कर बसला, तोच मुळी निराधार वृद्धांना आधार म्हणून. मोटार परवडते त्याने गरीब म्हाताऱ्यांसाठी थोडं द्यावं, ही कल्पना लोकांना पटण्यासारखी होती. पुढे तो पैसा इतर महसुलात मिसळून गेला, कर मात्र सुरू राहिला. 'म्हाताऱ्यांचे पैसे कुठे गेले?' हा प्रश्न तिथे पिढ्यानपिढ्या विचारला गेला. खासगी गाड्यांवरचा तो कर जायला २००० साल उजाडलं.

आता माझं मत. कराचा पैसा एकाच तिजोरीत जाणं ही चोरी नव्हे. त्याच तिजोरीतून दवाखाने आणि शाळा चालतात, आणि अपघात झाल्यावर धावून येणारी रुग्णवाहिकाही. पण तसं असेल तर ते पावतीवर छापा, भाषणात सांगा, नावातून 'रस्ता' काढून टाका. न सांगता वळवलेला रुपया माणसाला सांगून घेतलेल्या दोन रुपयांपेक्षा जास्त बोचतो, हे मी खिडकीत बसून पाहिलंय.

तुम्ही विचारायचंच असेल तर दोन आकडे वेगवेगळे मागा: वाहनधारकांकडून एकूण किती आलं, आणि असलेल्या रस्त्यांच्या दुरुस्तीवर किती गेलं. 'रस्त्यांवर एकूण खर्च' हा आकडा घेऊन परत येऊ नका. त्यात नवे पूल आणि नवे महामार्ग मिसळलेले असतात. नव्या पुलाची फीत कापायला माणसं जमतात. गटाराचा उतार नीट केला किंवा भेग वेळेत बुजवली, तर तिथे कोणी फोटो काढायला येत नाही. तुमचं चाक त्या न बुजवलेल्या भेगेने वाकवलंय.

आमची छोटी गाडी रस्त्याचं काय नुकसान करते? रस्ते फोडतात त्या मोठ्या मालमोटारी.
– चार जणांच्या कुटुंबाची गाडी चालवणारी

तुमचं म्हणणं मोजून सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ठरावीक वजनाच्या मालमोटारी दिवसरात्र फिरवल्या. निष्कर्ष ढोबळमानाने असा निघाला: चाकं जोडणाऱ्या आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दोनाच्या चौथ्या घाताने, म्हणजे जवळपास सोळापट वाढते. या हिशेबात छोटी गाडी जवळजवळ नगण्य ठरते.

पण छोटी गाडी जागा अडवते, कोंडीत भर घालते, हवेत धूर सोडते. तो खर्चही कोणीतरी सोसतंच. शिवाय पाणी रस्त्याला लागलं की एकही गाडी न जाता रस्ता खराब होतो. म्हणून 'मी काहीच देणं लागत नाही' असं नका म्हणू. 'भाराप्रमाणे कर लावा' ही मागणी मात्र रास्त आहे. जर्मनीने २००५पासून महामार्गांवरच्या जड मालमोटारींना किलोमीटरच्या हिशेबाने पथकर लावला. तसं करता येतं.

गाडी भंगारात देऊन सहा वर्षं झाली. तरी थकबाकीची नोटीस येतेय, वर दंड. नसलेल्या गाडीचा कर कसा भरू?
– निवृत्त शिक्षक

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कारण तुमच्यासारखेच एक आजोबा माझ्यासमोर उभे राहिले होते. नोटिशीची घडी इतक्या वेळा घातलेली की कागद घडीवर फाटला होता. स्कूटर भंगारवाल्याला देऊन मिळालेल्या पैशांत त्यांनी नातवाला सायकल घेतली होती. कागद काहीच केलेला नव्हता. नोंदवहीच्या दृष्टीने ती स्कूटर अजून त्यांच्या अंगणात उभी होती आणि वर्षाला कर खात होती. मी त्यांना नियम सांगितला. ते म्हणाले, "बाई, पण ती नाहीये ना." तो आवाज अजून कानात आहे. त्या दिवशी मी फक्त नियम सांगून थांबायला नको होतं. अर्ज कसा करायचा, तो कोणाकडे द्यायचा, हे लिहून द्यायला हवं होतं. ते आज तुम्हाला लिहून देते.

वार्षिक कर गाडीच्या लोखंडावर नसतो, नोंदणीवर असतो. नोंदणी रद्द होईपर्यंत कर चढत राहतो. म्हणून आता पहिलं काम नोंदणी रद्द करण्याच्या अर्जाचं. गाडी कधी मोडीत निघाली याचा जो मिळेल तो पुरावा गोळा करा: भंगारवाल्याची चिठ्ठी, त्या तारखेनंतर विमा न भरल्याची नोंद, शेजाऱ्यांचं लेखी निवेदन, आणि कुठे जपून ठेवली असेल तर सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाची पट्टी किंवा तिचा फोटो. त्यासोबत वेगळा अर्ज द्या, की अमुक तारखेपासून गाडी अस्तित्वात नाही, त्यामुळे त्यानंतरची आकारणी आणि दंड माफ व्हावा. दोन्ही अर्जांची तारखेसह पोच घ्या. खिडकीतला माणूस तोंडी 'होऊन जाईल' म्हणाला तरी पोच घ्याच. मी स्वतः कितीतरी जणांना 'होऊन जाईल' म्हटलंय, आणि बदली झाल्यावर माझं ते वाक्य कोणाच्याच उपयोगाला आलं नाही.

थकबाकी पूर्ण माफ होईलच असं वचन मी देत नाही. दंड कमी करण्याचा अधिकार बहुधा खिडकीच्या वरच्या पायरीवर असतो, तेव्हा अर्ज तिथपर्यंत नेण्याचा आग्रह धरा.

ज्यांची गाडी अजून आहे पण उभीच असते, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. ब्रिटनमध्ये १९९८पासून 'ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर येणार नाही' असं कळवण्याची रीतसर सोय आहे. कळवलं की त्या काळाचा कर लागत नाही, आणि न कळवता कर थकवला तर दंड होतो. अशी सोय जिथे आहे तिथे लोकांना तिची माहिती नसते, असा माझा अनुभव आहे. आपल्या खिडकीवर विचारून बघा. नसेल तर ती मागण्याजोगी आहे. आजारपणात किंवा परगावी असताना सहा महिने झाकून ठेवलेल्या गाडीने रोज धावणाऱ्या गाडीइतकाच कर भरावा, हे मला कधीच पटलं नाही.

तुम्ही स्वतः सरकारी खिडकीत बसलात. आमच्या रागाबद्दल तुम्ही काय सांगणार?
– नाव लिहायची इच्छा नसलेला

तुमचं पत्र कडक आहे आणि मी ते लपवत नाही. दर मी ठरवले नाहीत. पण वाढीचं परिपत्रक मी चिकटवलं, आणि 'का वाढला?' या प्रश्नाला 'वरून आलंय' एवढंच उत्तर मी कित्येक वर्षं दिलं. वाढ करणाऱ्यांनी कारण लिहून पाठवलं नाही, आणि मीही ते मागितलं नाही. ही माझी चूक होती. हे सदर मी त्यासाठीच लिहिते.

आमच्या भागात चक्का जाम करायचं ठरतंय. मुलगा जाणार म्हणतो. अशा आंदोलनांनी कर खरंच मागे घेतले जातात का?
– काळजीत असलेली आई

घेतले जातात. तुम्हाला धीर द्यायला किंवा मुलाला अडवायला मी खोटं लिहिणार नाही.

ब्रिटनमध्ये १९९३ ते १९९९ इंधनावरचा कर दरवर्षी महागाईपेक्षा जास्त वाढवायचा, असं धोरण होतं. आधी ३ टक्के जास्त, मग ५, मग ६. सप्टेंबर २०००मध्ये मालमोटारवाले आणि शेतकरी तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या दारात जाऊन बसले. काही दिवसांत देशभरातले पंप कोरडे पडले. आंदोलन आठवड्याभरात उठलं, कारण दवाखान्यांना आणि दुकानांना झळ बसू लागल्यावर लोकांची सहानुभूती ओसरू लागली. पण सरकारने धडा घेतला. पुढे २०११पासून दहा वर्षांहून अधिक काळ तिथे इंधनकर एका पेनीनेही वाढवला गेला नाही, उलट २०२२मध्ये लिटरमागे ५ पेन्स उतरवला.

फ्रान्समध्ये १७ नोव्हेंबर २०१८ला पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकांत उभे राहिले. तिथे प्रत्येक गाडीत असं जाकीट ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ते प्रत्येकाकडे होतंच. सरकारच्याच मोजणीने पहिल्या दिवशी अडीच लाखांहून जास्त माणसं होती. जानेवारीपासून डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंट आणि पेट्रोलवर जवळपास तीन सेंट वाढ व्हायची होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती रद्द झाली. यातले बरेचसे लोक खेड्यापाड्यांतले होते. जिथे बस दिवसातून दोनदा येते, तिथे गाडी ही चैन नसते. त्याच वर्षी श्रीमंतांच्या संपत्तीवरचा जुना कर काढून टाकला होता, आणि सामान्य माणसाला 'पर्यावरणासाठी जास्त भर' सांगितलं जात होतं. रक्कम सेंटांची होती, पण तुलना सहन होण्यासारखी नव्हती.

आता कॅलिफोर्नियाची गोष्ट. ती मुलाला जरूर वाचायला द्या. १९९८मध्ये तिथे तिजोरी भरलेली होती, म्हणून गाडीच्या किमतीच्या २ टक्के असलेलं वार्षिक शुल्क टप्प्याटप्प्याने ०.६५ टक्क्यांवर आणलं. हा पैसा शहरांना आणि काउंट्यांना (तिथल्या जिल्ह्यांना) मिळायचा, पोलीस आणि अग्निशमन दलासारख्या कामांसाठी. कपातीची तूट राज्य भरून देऊ लागलं. मंदी आली, राज्याची तिजोरी आटली, आणि २००३मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या सरकारने शुल्क पुन्हा २ टक्क्यांवर नेलं. नव्या बिलांवर रक्कम एकदम तिप्पट. आधी विजेच्या टंचाईने लोक चिडलेलेच होते, त्यात हे. ऑक्टोबरमध्ये मतदारांनी गव्हर्नरला मुदतीआधीच मत देऊन घरी पाठवलं. १७ नोव्हेंबरला अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी वाढ रद्द केली.

वाहनधारक जिंकले. पण वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलरचं भगदाड तसंच राहिलं. शहरांना तूट भरून देण्याचं ओझं राज्यावरच राहिलं, आणि मार्च २००४मध्ये राज्याची तूट भागवण्यासाठी १५ अब्ज डॉलरपर्यंतचे कर्जरोखे काढायला त्याच मतदारांकडून मंजुरी घ्यावी लागली. कर्ज व्याजासकट फेडायचं असतं, आणि फेडणारे तेच लोक. म्हणून मुलाला एवढंच सांगा: मागणीपत्रात 'वाढ रद्द करा' लिहिल्यावर खाली आणखी एक ओळ लिही, की त्याऐवजी कुठला खर्च कमी करा किंवा कोणाकडून घ्या. ती ओळ लिहिताना बैठकीत भांडणं होतील. होऊ देत. आणि रस्ता अडवाल तेव्हा रुग्णवाहिकेसाठी एक पट्टा मोकळा ठेवणारी माणसं आधी नेमा, त्यांच्यात मुलाचं नाव द्या.

वीजेची गाडी घ्या, कर माफ आहे, असं सांगितलं. घेतली. आता कर लावताहेत. ही फसवणूक नाही का?
– कर्जाचे हप्ते भरणारा

तुमच्या जागी मीही चिडले असते. पण या करामागे खरी अडचण आहे, ती आधी समजून घ्या.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९१९मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे १ सेंट कर लावला, तिथला तो पहिलाच. युक्ती सोपी होती: जो जास्त फिरतो तो जास्त पेट्रोल भरतो, म्हणजे आपोआप जास्त कर देतो. खिडकी नको, रांग नको. पुढे शंभर वर्षं बऱ्याच देशांनी इंधनाच्या कराचा मोठा आधार घेतला. मग गाड्या कमी इंधनात जास्त धावू लागल्या, आणि आता काही गाड्या इंधन घेतच नाहीत. अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोलकर १९९३पासून गॅलनमागे १८.४ सेंटवर थांबलेला आहे. त्यावर चालणारा महामार्ग निधी अपुरा पडू लागल्याने २००८पासून वारंवार सर्वसाधारण तिजोरीतून भरावा लागला. रस्ता तोच, झीज तीच, पैसे देणारा मात्र कमी होत चाललाय. तुमची गाडी धूर सोडत नाही हे मोलाचं आहे, पण तिच्या चाकांना रस्ता लागतोच.

म्हणून किलोमीटरप्रमाणे कर हा मार्ग पुढे येतोय. न्यूझीलंडने डिझेल गाड्यांसाठी तो १९७०च्या दशकातच आणला. चालक हजार-हजार किलोमीटर आगाऊ विकत घेतात आणि मीटरवरच्या आकड्याशी ते पडताळलं जातं. एप्रिल २०२४पासून तिथे वीजेच्या गाड्याही त्यात आल्या. आइसलँडने त्याच वर्षी जानेवारीत सुरुवात केली. ओरेगॉनने २०१५मध्ये ऐच्छिक योजना काढली, आणि आपण कुठे कुठे गेलो हे सरकारला कळू नये असं वाटणाऱ्यांसाठी ठिकाण न नोंदवणारं यंत्र निवडायची मुभा ठेवली. अशी मुभा तुम्हीही आग्रहाने मागा. किती फिरलो हे सांगायला हरकत नाही, कुठे फिरलो ते माझं.

आता फसवणुकीबद्दल. 'सवलत अमुक वर्षापर्यंत' हे वाक्य विक्रीच्या दिवशी तुमच्यासमोर असायला हवं होतं. तुमच्याकडे त्या वेळची जाहिरात, पत्रक किंवा शासकीय अधिसूचना असेल तर काढून वाचा. मुदत लिहिलेली असेल आणि ती संपायच्या आत कर लावला असेल, तर तुमची तक्रार फार भक्कम आहे. मुदतच लिहिलेली नसेल, तर तुमची तक्रार त्या न लिहिण्याबद्दल आहे, आणि तीही करायला हवी.

माझी गाडी अठरा वर्षांची. जुनी म्हणून जास्त कर. नवी घेण्याइतके पैसे असते तर जुनी ठेवली असती का?
– शिलाईकाम करणारी

ताई, जुनं इंजिन जास्त धूर सोडतं आणि त्या धुराने कोणाचं तरी मूल खोकतं, हे खरं आहे. आणि तुमचा प्रश्नही तितकाच खरा आहे. जो कर फक्त दंड करतो आणि बाहेर पडायची वाट दाखवत नाही, तो शेवटी ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्याकडूनच वसूल होतो. जुनी गाडी मोडीत काढल्यावर हातात काही रक्कम मिळणार असेल, किंवा बस वेळेवर येत असेल, तर असा कर समजू शकतो.

यात आणखी एक जखम आहे. ब्रिटनने २००१पासून वाहनकर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर बसवला. डिझेल गाड्या त्या मापात उजव्या ठरल्या, म्हणून लोकांनी डिझेल घेतलं. डिझेलच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड फुप्फुसांना घातक आहेत, हे तेव्हाच्या कराच्या मापात नव्हतं. २०१५मध्ये फोक्सवॅगन या मोटार कंपनीचा धुराच्या चाचण्यांतला गैरप्रकार उघड झाला, वारं फिरलं, आणि २०१८पासून तिथे नव्या डिझेल गाड्यांवर पहिल्या वर्षी जादा कर आला. सरकारच्या मापाकडे बघून ज्यांनी गाडी घेतली, त्यांच्याच गाडीची किंमत पडली. त्याहूनही जुनं उदाहरण म्हणजे ब्रिटनचाच १९२१चा अश्वशक्तीवरचा कर. अश्वशक्ती इंजिनाच्या खऱ्या ताकदीवरून न मोजता सिलिंडरच्या रुंदीवरून मोजत. मग कारखान्यांनी अरुंद सिलिंडरची आणि दट्ट्याच्या लांब फेरीची इंजिनं बनवली. कर ज्यावर बसतो, माणसं त्यापासून दूर सरकतात. दूर सरकायला पैसे लागतात, आणि तेच तुमच्याकडे नाहीत.

तुमच्यासाठी करण्यासारखं एक आहे. काही ठिकाणी उत्पन्नाच्या दाखल्यावर, अपंगत्वावर किंवा उपजीविकेच्या वाहनाला सवलत असते, आणि ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. तुम्ही कपडे पोचवायला ही गाडी वापरता, असं लिहिलंय. ते अर्जात ठळक लिहा.

कुठल्याच सरकारने हे नीट केलेलं नाही का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी

केलंय. स्टॉकहोमला शहरात येण्याजाण्यावर कोंडीशुल्क लावायचं होतं. लोक कडाडून विरोधात होते. जानेवारी ते जुलै २००६ असं सात महिने ते फक्त करून बघितलं आणि ठरल्याप्रमाणे ३१ जुलैला बंद केलं. त्या काळात रहदारी सुमारे वीस टक्क्यांनी घटली होती. बंद झाल्यावर गाड्या पुन्हा वाढल्या, आणि फरक लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग सप्टेंबरमध्ये मत घेतलं. आधी विरोध करणाऱ्या शहरातल्या बहुमताने 'हवं' म्हटलं, आणि ऑगस्ट २००७पासून ते कायम झालं. ठरल्या तारखेला ते बंद केलं, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. एकदा लावलेला कर सरकार थांबवू शकतं, हे लोकांना दिसलं.

निषेध म्हणून या वर्षीचा कर भरायचाच नाही असं ठरवलंय. काय होईल?
– एक निश्चयी वाचक

दंड चढेल, व्याज चढेल, गाडी विकायला किंवा नावावर करायला गेलात की सगळं एकदम भरावं लागेल, आणि रस्त्यात अडवलं तर गाडी तिथेच राहील. यातलं काहीही दर ठरवणाऱ्यापर्यंत पोचणार नाही. तुमचा निषेध फक्त थकबाकीदारांच्या यादीतली एक ओळ होईल. शंभर जणांनी मिळून, वकिलाचा सल्ला घेऊन, उघडपणे काही करणं वेगळं. एकट्याने गुपचूप न भरणं हे तुमच्याच खिशाला लागेल.

त्यापेक्षा मुदतीत भरा आणि भरतानाच लेखी हरकत द्या. तीन ओळी पुरतात: 'वाढीव कर हरकत राखून भरत आहे. वाढीचं कारण आणि या करातून रस्त्यांच्या दुरुस्तीवर झालेला खर्च लेखी कळवावा. या अर्जाची पोच द्यावी.' अपिलाची तरतूद असेल तर तिची मुदत नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. ती वाचून दिवस मोजा.

वाकलेलं चाक घेऊन आलेल्या त्या गृहस्थांनी शेवटी असंच केलं होतं. फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर, खिडकीच्याच दोरीला बांधलेल्या पेनाने, उभ्या उभ्या लिहिलं. असा कागद घ्यायचा की नाही, मला माहीत नव्हतं. मी घेतला, आवक नोंदवहीत चढवला आणि पोच म्हणून शिक्का मारून दुसरी प्रत त्यांना दिली. चाक उचलून ते बाहेर पडले. दोन महिन्यांनी त्या अर्जावर वरून खुलासा मागवणारं पत्र आलं. माझ्या सत्तावीस वर्षांत त्या कार्यालयात कारण विचारणारं पत्र आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.